तिसऱ्या मिनिटाचा ढग

फेब्रुवारी लागला की कुठल्याही हायस्कूलच्या प्रयोगशाळेला दोन वास येतात, एक स्पिरिटचा आणि दुसरा नव्या तपकिरी कव्हरांचा. वर्षभर कुलूप लागलेलं कपाट उघडतं. परीक्षानळ्या धुऊन उलट्या वाळत ठेवल्या जातात, काचेची नरसाळी मोजली जातात आणि दरवर्षी त्यात एक कमी भरतं. इथे बाहेर महामार्गावरून रायपूरकडे जाणारे ट्रक धडधडत असतात. खिडकीपलीकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, उन्हाळी धानाची रोवणी चाललेली असते. आणि माझ्या टेबलावर दहावीच्या प्रयोगवह्यांचा ढीग चढत जातो. मुलं त्यांना जर्नल म्हणतात, म्हणून मीही जर्नलच म्हणते.

मला हा मोसम आवडत नाही. सोबतचे शिक्षक सह्या करून करून कंटाळतात, त्यांचा कंटाळा मला कळतो. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

जर्नल ही आमच्याकडे लिहायची वस्तू नाहीच, ती उतरवायची वस्तू आहे. दहावीची परीक्षा आटोपते न आटोपते तोच खालच्या वर्गातल्या मुली दारात येऊन उभ्या राहतात. ज्या मुलीच्या आकृत्या सुबक, तिच्या जर्नलला जास्त मागणी. मग ते जर्नल बहिणीकडून मैत्रिणीकडे, मैत्रिणीकडून आतेबहिणीकडे, या गावातून त्या गावात असं हिंडत राहतं. पुस्तक बदलतं, प्रयोगाचा क्रमांक बदलतो, कव्हराचा रंग बदलतो. आतलं सगळं तेच राहतं. मला हे ठाऊक आहे आणि मी त्याकडे कानाडोळा करत आले आहे. यंदाच्या जानेवारीत मीसुद्धा एका चंचुपात्रात पाणगवताची काडी ठेवून वर्गाला दुरून दाखवली, बुडबुडे दिसले का म्हणून विचारलं, आणि मोजून लिहा असं सांगेपर्यंत घंटा झाली. कशात मोजतील, कुठे मोजतील, हे मी विचारलं नाही.

गेल्या जूनमध्ये संस्थेने माझी तिरोड्याहून इकडे सडक अर्जुनीच्या बाजूला बदली केली. माझं माहेर याच पट्ट्यातलं. त्यामुळे लोक म्हणाले, बरं झालं, घराजवळ आलात. मीही बरं झालं म्हणाले.

ढिगातलं पहिलं जर्नल काजलचं होतं. पोरगी हुशार, पहिल्या बाकावरची. प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजण्याच्या प्रयोगावर मी लाल पेन घेऊन आले. खाली तक्ता होता. पहिल्या मिनिटाला एकतीस बुडबुडे, दुसऱ्या मिनिटाला तेहतीस, तिसऱ्याला नऊ, चौथ्याला तीस. आणि तक्त्याखाली दोन ओळी: ‘तिसऱ्या मिनिटाला ढग आला म्हणून बुडबुडे कमी निघाले. ढग जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.’

मी पेन खाली ठेवलं. मग दुसरं जर्नल उघडलं. त्यातही तिसऱ्या मिनिटाला ढग. तिसऱ्यात ढग होता, मात्र तेहतीसचे तेवीस झाले होते. एका मुलाच्या जर्नलमध्ये ढग तर होताच, वर तोही निमूटपणे लिहून बसला होता की आम्ही दोघी थांबलो. शेजारी बसलेल्या गणिताच्या सरांना मी ते दाखवलं. ते पोट धरून हसले, म्हणाले, मॅडम, फेब्रुवारीत एवढा ढग आपल्याच शाळेवर कसा काय येतो? त्यांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे हसत होते आणि मी जर्नलं गोळा करून प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं.

कारण त्या दोघींपैकी एक मी आहे.

ताई दहावीत होती आणि मी आठवीत. तिच्या वर्गात सरांनी हा प्रयोग फळ्यावर करून दाखवला होता. खडूने चंचुपात्र काढलं, खडूनेच बुडबुडे काढले आणि आकडे सांगितले: तीस, तीस, एकतीस, तीस. वर्गाने लिहून घेतले. ताई घरी आली ती घुश्शातच. तिचं म्हणणं एवढंच होतं की सरांनी बुडबुडे पाहिलेच नाहीत, मग ते तीस होते हे त्यांना कुणी सांगितलं. ताई तशीच होती. भाजीवाल्याच्या तागडीकडेही ती डोळे बारीक करून बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन आमच्या बोडीवर गेली. बोडी म्हणजे शेताच्या डोक्यावरचं लहानसं तळं, त्याच्या पाण्यावर बाबा उन्हाळी धान घ्यायचे. काठाशी पाणगवत दाट माजलेलं असायचं. खरं तर पाण्यात मी उतरायचं ठरलं होतं. ताईचे गुडघे थंडीत दुखायचे, ते लहानपणापासूनच. पण मला जळवांची भीती वाटली. मी काठावर पाय मागेपुढे करत राहिले आणि शेवटी ताईच सलवार गुडघ्याच्या वर दुमडून आत शिरली. पाणी बर्फासारखं होतं. ती ओंजळभर गवत घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळसर दिसत होते आणि ती हसत होती.

अंगणात ऊन चांगलं तापल्यावर आम्ही मांडामांड केली. लोणच्याची काचेची बरणी, त्यात बोडीचंच पाणी, चिमूटभर खायचा सोडा. काडी तिरपी कापून, तिला खडा बांधून, कापलेलं टोक वर ठेवून आत सोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. माय शेजारी पोत्यावर लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी वाळत घालत होती. उन्हाळ्यासाठी ती दरवर्षी वाळवून ठेवायची. तिने दोनदा वळून पाहिलं आणि विचारलं, “काऊन वं, थे गवत पाहून का मिळून राहिलं तुमाले?”

आणि मग टोकातून पहिला बुडबुडा सुटला. मोहरीएवढा. पाठोपाठ दुसरा. मग त्यांची माळच लागली. ताई बरणीला नाक लावून बसली आणि मला म्हणाली की हा त्या काडीचा श्वास नाही, ही तिची कमाई आहे. ऊन खाऊन ती आपल्यासाठी हवा करते. मी आज वर्गात हेच वाक्य सांगते. ते पुस्तकातलं आहे असं मुलांना वाटतं.

बाबांचं घड्याळ माझ्या हातात होतं. लग्नातलं, सेकंदकाटा लाल. मिनिट सुरू झालं की मी हं म्हणायचं, संपलं की पुन्हा हं म्हणायचं, मग ती आकडा सांगणार आणि मी चुलीतल्या कोळशाने ओसरीच्या पायरीवर लिहिणार. एकतीस. तेहतीस. तिसऱ्या मिनिटाला मी हं म्हटलं आणि अंगणातलं ऊनच गेलं. कुठून कोण जाणे, एक ढग येऊन सूर्यावर बसला. बुडबुडे मंदावले, एकेक करून यायला लागले, मग जणू विचार करून यायला लागले. माय पाऊस येतो म्हणून धावत भाजी गोळा करायला लागली. ताई मात्र हलली नाही. तिचा आकडा आला: नऊ. मी म्हटलं, हे सोडून दे, पुन्हा मोजू. ती म्हणाली की आलं ते आलं, लिही. मग ढग जाईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो, ती बरणीपाशी आणि मी पायरीवर. पाच मिनिटं असतील, दहा असतील. तेवढं एक घड्याळात बघायचं मी विसरले. पाऊस आलाच नाही. ऊन परत आलं आणि बुडबुडे पुन्हा तिसावर गेले.

संध्याकाळी तिने ते सगळं जर्नलमध्ये उतरवलं. मी वाकून बघताना कोळशाने माखलेला माझा अंगठा पानाच्या कोपऱ्यात उमटला आणि मी चांगला धपाटा खाल्ला. खोडरबराने तो आणखीच पसरला.

सरांनी जर्नल तपासताना तिला उभं केलं. तक्त्यात ढग लिहितात का, खोड ते आणि नऊच्या जागी तीस लिही, असं त्यांनी सांगितलं. ताईने भर वर्गात विचारलं, “मंग मोजलं कायले, सर?” सरांनी जर्नल पुढे ओढलं आणि ढगाखाली लाल पेनाने बरोबरची खूण केली. हे तिने मला घरी आल्यावर तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने सांगितलं.

बोडीवरून आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचे गुडघे आणि पाठ इतकी धरली की तिला अंथरुणातून उठवेना. माय वात म्हणायची, तेल लावायची. तशातच तिने परीक्षा दिली. एप्रिलात बाबा तिला गोंदियाला घेऊन गेले, रक्त तपासलं आणि सिकलसेल हा शब्द आमच्या घरात आला. आज आमच्या भागात तो शब्द पोराटोरांना माहीत आहे, शाळेत तपासणी होते. तेव्हा आम्हाला तो नवा होता. ताईने रिपोर्टच्या पाठीमागे मला पेशी काढून दाखवली. म्हणाली, चांगली पेशी गोल, माझी ही अशी, धान कापायच्या विळ्यासारखी वाकडी, म्हणून ती अडकते, प्राणवायू पोचत नाही आणि दुखतं. प्रयोग समजावून सांगावा तशा आवाजात तिने ते सांगितलं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं की मुलगी एवढ्यात थंड पाण्यात उतरली होती का. मी तिथे उभी होते. बाबा नाही म्हणाले, कारण त्यांना माहीत नव्हतं. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि तीही नाही म्हणाली.

पोळ्याच्या आधी ती गेली. अकरावीच्या वर्गात ती जेमतेम महिनाभर बसली. त्या एका सकाळच्या पाण्याने ती गेली नाही, हे मला कळतं. मी विज्ञान शिकवते, आजाराचा क्रम मला फळ्यावर मांडता येतो. पण फळ्यावरून वर्गाकडे वळले की मी अजून त्या काठावरच उभी असते, पाय मागेपुढे करत.

मायच्या डोळ्यांसमोर नको म्हणून मावशीने ताईचे कपडे आणि वह्या चुलबंद नदीत सोडल्या. मला कुणी विचारलं नाही. नववीतल्या पोरीला विचारायचं कुणाला सुचतं? एक फोटो राहिला, तो भिंतीवर आहे. अक्षर कुठेच राहिलं नाही. जर्नल तेवढं बचावलं होतं, कारण ते तिने स्वतःच एप्रिलात सौंदडच्या एका मुलीला दिलं होतं, परत देशील या अटीवर. पुढच्या वर्षी मी दहावीत गेले आणि ते मागायला सौंदडला गेले, तर त्या मुलीने ते पुढे कुणाला तरी दिलं होतं आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. मी रिकाम्या हाताने परत आले. माझं जर्नल मी दुसऱ्याच मुलीचं पाहून उतरवलं. त्यात ढग नव्हता.

म्हणून यंदा त्या प्रयोगशाळेत दार लावून मी पोलिसासारखी तपासाला बसले. काजलला बोलावून विचारलं की हे कुणाचं पाहून लिहिलंस. ती आधी घाबरली, मग तिने आतेबहिणीचं नाव सांगितलं. आतेबहिणीला फोन केला, तिने तिच्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. असं करत करत चार जणींमागे मी सौंदडच्याच एका बाईपर्यंत पोचले. एका रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. मॅडम जुन्या जर्नलसाठी घरी आल्या याचं त्यांना नवल वाटत होतं. होतं म्हणाल्या, शाळेत असताना त्यांना कुणीतरी दिलं होतं, फार वर्षं माळ्यावर होतं. मागे दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी रद्दीसोबत किराणावाल्याला पुड्या बांधायला देऊन टाकलं. नाव आठवत नव्हतं त्यांना, पहिलं पान आधीच फाटलेलं होतं. अक्षर लय सुंदर होतं, एवढं म्हणाल्या. मी उठले, चपला घातल्या, तेव्हा दारातून त्यांनी आणखी एक आठवण सांगितली. “एका पानावर कोपऱ्यात काळा अंगठा होता, मॅडम. आमी त्याले लय हासत होतो.”

मी गाडी सौंदड स्टेशनच्या रस्त्याला उभी केली आणि रडले. अंगठा उतरवून कोण घेणार? बाकी सगळं त्या पोरींनी इमानाने उतरवलं होतं, वर्षानुवर्षं, एकीच्या हातून दुसरीच्या हातात. ताईला न ओळखता, न विचारता. ती दुपार अजून या गावांमध्ये फिरत होती. आणि लाल पेन माझ्या हातात होतं.

कारण सही मला करायची होती. तपासणीला तीन दिवस उरले होते. गणिताचे सर म्हणाले की बाहेरून येणारे परीक्षक एवढं वाचत नाहीत, राहू द्या तो ढग, मजा आहे. मलाही राहू द्यायचा होता. मला तो फार हवा होता. खोडला तर पुढच्या वर्षीच्या मुली या जर्नलांवरून उतरवतील आणि त्यात ताई नसेल. ठेवला तर न पाहिलेल्या बुडबुड्यांखाली माझी सही जाईल, जशी फळ्यावर खडूने काढलेल्या बुडबुड्यांखाली कुणाची तरी गेली होती. दोन दिवस मी ते ढिगारे इकडून तिकडे ठेवत राहिले. कपाटात ठेवायचे, पुन्हा काढायचे.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी घरूनच मायला फोन लावला. ती आता धाकट्या भावाकडे असते, ऐकायला कमी येतं. तिला वाचता येत नाही, जर्नल म्हणजे काय हेही तिला नीट ठाऊक नाही. मी सगळं सांगितलं, की ताईने लिहिलेला ढग इथली पोरं अजून लिहितात. ती म्हणाली, “आठवते मले थो ढग. माझी लाखोरी वाळून राहिली होती.” आणि थोड्या वेळाने, “पण थे पोरं काऊन लिवतेत बाई? त्याईनं त नाई पाहिला न.”

त्याच दुपारी मी दहावीचा वर्ग शाळेच्या पटांगणात उन्हात बसवला. आधी सगळ्यांची जर्नलं त्यांच्यासमोर उघडली आणि प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या वहीत तो तक्ता लाल पेनाने खोडला. खालच्या दोन ओळीही खोडल्या. मॅडम चिडल्या आहेत असं त्यांना वाटलं. शेवटची वही काजलची होती. तिच्या वहीत ‘आम्ही दोघी’वर रेघ मारताना हात थांबला. मग मारली.

पाणगवत सकाळीच मी स्वतः आणलं होतं, शाळेमागच्या बोडीतून. साडी खोचून पाण्यात उतरले. माझ्या वयाला ते शोभत नव्हतं आणि काठावरून जाणारा एक माणूस सायकल थांबवून बघत होता. पाणी तितकंच थंड होतं. जळवा होत्या की नाही, मी पाहिलं नाही.

चंचुपात्रं चारच होती, म्हणून उरलेल्यांनी डब्याच्या झाकणापासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत जे मिळेल ते घेतलं. झाकणं फार उथळ, ती मी परत करायला लावली. सोडा माझ्या घरचा. काजल आणि तिची मैत्रीण एका कापलेल्या बाटलीपाशी बसल्या, एक बुडबुडे मोजत होती आणि दुसरी मोबाइलवर वेळ बघत होती. शाळेत मोबाइल चालत नाही, पण घड्याळ कुणाकडेच नव्हतं. मी तिकडे कानाडोळा केला. अख्खं पटांगण आकडे पुटपुटत होतं. कुणाचे बावीस आले, कुणाचे सतरा, एकाचे चाळीसच्या वर गेले आणि शेजारच्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. दोन काड्यांमधून काहीच निघालं नाही. तेही लिहायला सांगितलं.

मी मात्र पुन्हा पुन्हा वर बघत होते. एवढं मोठं आभाळ, कुठे तरी एक तुकडा असेल. नव्हता. बांध्यांवरून थेट डोंगरापर्यंत सगळं निळं होतं.

काजलने चार मिनिटं मोजली. एकवीस, एकवीस, बावीस, वीस. तक्ता भरला आणि खालच्या कोऱ्या जागेपाशी येऊन ती अडली. इतकी वर्षं तिथे दोन ओळी असायच्या, हे तिच्या हाताला माहीत होतं. वही घेऊन ती माझ्यापाशी आली.

“मॅडम, ढग नाई आला. त मंग इथं का लिहू?”

“नाही आला, असं लिही.”

ती तिथेच माझ्यासमोर उकिडवी बसली, वही गुडघ्यावर घेतली आणि सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: ‘ढग आला नाही. म्हणून आम्ही दोघी थांबलो नाही.’

मी खाली सही केली आणि तारीख घातली.